डेटा केबल आणलीस काय?

चतुर्थीला मुंबईहून गावी आलेल्या माणसाला आम्ही दारातच दोन प्रश्न विचारायचो. गाडीत बसायला जागा मिळाली काय, आणि डेटा केबल आणलीस काय? पायांवर पाणी घेऊन तो ओटीवर टेकतो न टेकतो तोच बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून केबल बाहेर यायची आणि ती आमच्या मोबाइलला लागते की नाही हे आधी बघितलं जायचं. बहुतेकदा लागायची नाही. नोकियाचं तोंड निराळं, सोनी एरिक्सनचं निराळं, सॅमसंगचं त्याहून निराळं. नोकियातसुद्धा एका मॉडेलची पिन दुसऱ्याला बसेलच असं नव्हतं. वाडीत कुणाकडे आपल्या मोबाइलची केबल आहे असं कळलं, की ती मागून आणायची, काम झालं की गुंडाळून परत पोचवायची, आणि परत करताना 'बघ हां, नीट चालतेय' असं सांगून समोर लावून दाखवायची.

आता एकच तोंड सगळ्यांना चालतं. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं, ॲपलनेही २०२३ च्या आयफोन १५ पासून तेच स्वीकारलं. आमच्या तळेऱ्यातल्या घरात आज पलंगाशी एक, स्वयंपाकघरात एक, गाडीत एक अशा केबली लोंबतात. मागून आणायची गरज कुणालाच उरलेली नाही. आणि तरीही त्यांतली एखादी कॉम्प्युटरला लावली, तर फोन चार्ज होतो आणि कॉम्प्युटरवर काहीच उमटत नाही. पूर्वी असं झालं की घरातली चार माणसं गोळा व्हायची. आज केबल काढून पुन्हा चार्जरला लावली जाते आणि विषय संपतो.

आम्ही म्हणजे १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्यानंतर शाळेत गेलेली पिढी. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो, एमएस-सीआयटीच्या बॅचमध्ये बसून माउस धरायला शिकलो आणि पहिल्या पगारातून किंवा दादाच्या जुन्यावर कॅमेऱ्याचा मोबाइल हातात घेतला. तळेरं हे मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. इथून एक रस्ता वैभववाडीवरून गगनबावडा चढून कोल्हापूरला जातो, दुसरा विजयदुर्गाकडे उतरतो. गाडी बदलायची आणि दुसरीची वाट बघत थांबायचं, हा या नाक्याचा स्वभाव. थांबलेल्या माणसाला चहा लागतो, वडापाव लागतो, आणि त्या काळात त्याला मोबाइलमध्ये गाणी भरून लागायची.

गाणी भरणं हा एक सोहळाच होता. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर आधी यादी तयार व्हायची. हिंदी सिनेमाची गाणी, कोळीगीतं, आणि आमच्याकडे हटकून डबलबारी. दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर रंगवलेली भजनं कुणीतरी रेकॉर्ड केलेली असायची आणि तीच एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर करत देवगडपासून फोंड्यापर्यंत पोचायची. दुकानातला पोरगा मोबाइलची बॅटरी काढायचा, तिच्याखालचं नखाएवढं कार्ड अंगठ्यानं सरकवून बाहेर घ्यायचा, ते रीडरमध्ये घालायचा आणि पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागायची. ती सरकते आहे तोवर गप्पा. कुठल्या बुवाचा गजर चांगला, कुठल्या दशावतारी नाटकातला राजा यंदा बदलला, कुणाचं लग्न ठरलं. शेजारी उभ्या अनोळखी माणसाच्या यादीतलं एखादं नाव आवडलं तर तेही आपल्या कार्डात यायचं. आमची निम्मी आवड अशी शेजाऱ्याच्या यादीतून घडली.

आज डबलबारी यूट्यूबवर थेट दिसते. ज्यांनी जन्मभर गळा झिजवला त्या बुवांची नावं खाली नीट लिहिलेली असतात, मंडळं स्वतःचं चॅनेल चालवतात. जुन्या व्यवस्थेत त्या गायकांना, गाणी भरायला आम्ही दिलेल्या दहा-वीस रुपयांतलं काहीही मिळत नव्हतं, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. फाइलचं नाव 'ट्रॅक ०७' आणि आवाज कुणाचा हे सांगायला सोबत माहीतगार हवा, अशी गत. दुसरी गोष्ट याहून वाईट होती. कार्ड दुकानात ठेवून आपण चहाला जायचो तेव्हा त्यातले घरचे सगळे फोटो परक्याच्या कॉम्प्युटरला जोडलेले असायचे. आमच्या बहिणींना, वहिन्यांना याची कायम धास्ती वाटायची. त्या स्वतः दुकानात जायच्या नाहीत. कुणा भावाला पाठवायच्या आणि कार्ड परत हातात येईपर्यंत तिथून हलायचं नाही असं बजावायच्या. आम्हाला तो सोहळा वाटत होता, त्यांना ती जोखीम वाटत होती. आजच्या फोनला कुलूप आहे, हे त्यांच्या दृष्टीनं फार मोठं सुख आहे आणि ते खरंच आहे.

घरी कॉम्प्युटर असलेल्यांचा प्रकार वेगळा. मोबाइलबरोबर छोटी सीडी यायची, तिच्यात ड्रायव्हर आणि नोकियाचा पीसी सूट. सीडी हरवलेली असायची. मग ज्याच्याकडे तो मोबाइल आहे अशा माणसाचा शोध. ड्रायव्हर टाकून, कॉम्प्युटर बंद-चालू करून, केबल लावली की एक्सपीच्या कोपऱ्यात पिवळा फुगा यायचा : नवीन हार्डवेअर सापडलं. त्या फुग्यासाठी घरचे सगळे श्वास रोखून उभे असायचे. आणि नेमके तेव्हा दिवे जायचे. भारनियमनाच्या त्या वर्षांत यूपीएस टूं-टूं करत पाच-दहा मिनिटं तग धरायचा, आणि तेवढ्या वेळात एक जीबीचं कार्ड उतरत नसे. जुन्या मोबाइलच्या केबलीतून सेकंदाला जेमतेम एक एमबी यायचं. पट्टी अर्ध्यावर असताना सगळं अंधारात जायचं. दिवे परत आले की पहिल्यापासून.

त्यात व्हायरस. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या कार्डाबरोबर तेही जायचे. फोल्डर दिसेनासे व्हायचे, त्यांच्या जागी शॉर्टकट उरायचे, ते उघडले की आणखी बिघाड. पेन ड्राइव्ह लावल्यावर आपोआप चालू होण्याची विंडोजची सवय मायक्रोसॉफ्टनं २०११ च्या फेब्रुवारीत अपडेट पाठवून बंद केली, तोवर आमच्या भागातली कितीतरी लग्नं आणि बारशी त्या शॉर्टकटांत गडप झाली होती. तेव्हा तारणहार होतं ते क्विक हील हे अँटीव्हायरस. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत शिकलेले सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर आणि प्रोग्रॅम लिहिणारा त्यांचा भाऊ संजय, या दोघांनी ते उभं केलं. दुरुस्तीच्या टेबलावरून एवढं मोठं काम निघालं याचा आम्हा मराठी पोरांना फार अभिमान वाटायचा. तो अजूनही वाटतो.

हे सगळं आठवलं की वाटतं, यात हळहळण्यासारखं काय होतं? वेळ जायचा, फोटो जायचे, पैसे जायचे. आजची मुलं पाच मिनिटांत दोनशे फोटो अमेरिकेतल्या आत्याला पाठवतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तसं वायरीचं कामच उरलं नाही. मग आम्ही नेमकं कशासाठी खंतावतो?

माझ्या मते त्याचं उत्तर वायरीच्या तोंडातच आहे. जुन्या पद्धतीच्या केबलीचं कॉम्प्युटरकडचं चपटं तोंड उजेडात धरून बघा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. तोंड आत जाताना आधी वीज जोडली जावी आणि मग दोन यंत्रांचं बोलणं सुरू व्हावं, म्हणून त्यांची लांबी मुद्दाम अशी ठेवलेली आहे. टाइप-सीच्या चोवीस टोकांतही वीज आधी हाच क्रम आहे. म्हणून फोनच्या भोकात मळ दाबून बसला आणि केबल केसभर बाहेर राहिली, की चार्जिंग होतं, पण कॉम्प्युटरला फोन दिसत नाही. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींत तर मधल्या दोन तारा घातलेल्याच नसतात. 'चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली आहे' हा समज तिथेच फसतो.

पहिलं यूएसबी प्रमाण १९९६ च्या जानेवारीत आलं. ते घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे अभियंते पुढे होते, आणि ते शिकले बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात. त्याआधी प्रिंटरला एक भोक, माउसला दुसरं, मोडेमला तिसरं, आणि काही नवं जोडलं की कॉम्प्युटर बंद करून चालू करा. घरातल्या कुणालाही जोडता यावं, ही त्यामागची तळमळ होती. ती तळमळ आम्हाला हातानं जाणवायची. बिघाड दिसत होता, आणि जो दिसतो तो काढता येतो असा आमचा विश्वास होता.

भोकातला मळ काढायचा तो उदबत्तीच्या काडीनं. मसाला जळून गेल्यावर उरलेलं बांबूचं टोक ब्लेडनं तासायचं, फोन बंद करायचा आणि कडेकडेनं हलक्या हातानं उकरायचं. सुई किंवा टाचणी नको, ती पट्ट्यांना ओरखडे पाडते. आमच्याकडे त्या मळाला रंग असतो. खिशातला कापूस आणि जांभ्याची लाल धूळ यांची गच्च झालेली वळी बाहेर येते. कासार्ड्याकडे सिलिका वाळूच्या कामावर जाणाऱ्यांच्या फोनमधून निघते ती पांढरट, चकाकणारी. फोन कुठून आलाय हे काडीच्या टोकावर कळतं. पावसाळ्यात पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. ओल असताना वीज वाहिली की धातू खायला लागतो. तो जुन्या टूथब्रशनं आणि दुकानदाराकडच्या स्पिरिटनं निघतो, नाही निघाला तर चार्जिंगची छोटी पट्टी बदलायची. आजचे बरेच फोन भोकात ओल आहे असं स्वतःच सांगतात आणि वाळेपर्यंत चार्जिंग घेत नाहीत. ही सोय तेव्हा असती तर आषाढ-श्रावणात कितीतरी मोबाइल वाचले असते.

आज मात्र सगळा बिघाड डोळ्यांना दिसेल असा राहिलेला नाही. काडी फिरवली, केबल बदलली, कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकाऐवजी मागचं वापरून बघितलं, तरी फोन दिसत नाही, कारण फोननं स्वतःच दार लावून घेतलेलं असतं. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन केबल लावली की पेन ड्राइव्हसारखे उघडायचे. फक्त तेवढा वेळ फोनला स्वतःचं कार्ड वापरता येत नसे. नंतर एमटीपी ही पद्धत आली, फोन मध्यस्थ झाला आणि मागितलेली फाइल तोच काढून द्यायला लागला. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून केबल लावल्यावर फोन नुसतीच वीज घेतो. कुलूप उघडून, वरची पट्टी खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. आयफोन तर २०१३ पासून आधी विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? एसटी स्टँडवर नाहीतर हॉटेलात परक्या यूएसबीला फोन लावणाऱ्यासाठी हे अगदी योग्य आहे. पण घरच्या ज्येष्ठांना हे कुणी समजावून सांगत नाही. त्यांना वाटतं आपला फोन बिघडला, आणि ते कॉम्प्युटरला जोडायचं सोडून देतात.

गेल्या पावसाळ्यात नाक्यावरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी उभा असताना एक काकी आल्या. फोन हातातून पडून पडदा काळा झालेला. आतलं सगळं चालू होतं. केबल लावली की फोन थरथरायचा, कॉम्प्युटर 'टिंग' करायचा, फोनचं नावही उमटायचं. उघडलं की रिकामं. कुलूप काढायला पडदा हवा आणि पडदा तर मेलेला. काकी म्हणाल्या, "माझ्या आवशीचो शेवटचो फोटो ह्याच्यात आसा. तेवढो काढून दी रे बाबा, फोन जाऊंदे." दुकानातल्या मुलानं त्यांना स्टुलावर बसवलं, फोन उघडला, त्याच मॉडेलचा दुसरा पडदा तात्पुरता जोडला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाठ वळवून बोट फिरवलं, कुलूप निघालं. मग त्यानं वरची पट्टी ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं आणि फोटो एकेक करून पडद्यावर यायला लागले. जुन्या फोनमध्ये हे काम कार्ड सरकवून एका मिनिटात झालं असतं. मात्र तो फोन रस्त्यात सापडलेल्या कुणालाही ते एका मिनिटात करता आलं असतं. काकींना दोन्ही गोष्टी हव्या होत्या, फोटो आणि पाठ वळवून बोट फिरवण्याचा हक्क. त्या मुलानं दोन्ही सांभाळलं. हातातलं काम टाकून एका माणसासाठी एवढा वेळ देणारा असा मुलगा नाक्यावर आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

त्यानं शेवटी विचारलं, "फोल्डराक नाव काय देव?"

हा प्रश्न मी फार वर्षांनी ऐकला. फोटो उतरवायचे म्हणजे फोल्डरला नाव द्यायचं, हा आमच्या वेळचा शेवटचा आणि सगळ्यांत आवडता भाग. 'चतुर्थी २००९', 'बाबल्याचं लग्न', 'विजयदुर्ग ट्रिप', 'आजी ओटीवर'. नाव देण्याआधी फोटो बघितले जायचे, हललेले काढून टाकले जायचे, एकाच क्षणाचे तीन असतील तर कुठला ठेवायचा यावर वाद व्हायचा. जागाच कमी. चाळीस जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये विंडोजनं आधीच बरंच खाल्लेलं. त्यामुळे ठेवायचं काय हे घरानं मिळून ठरवायचं. मग सीडी, वर मार्करनं नाव, आणि मुंबईला जाणाऱ्या रातराणीच्या ड्रायव्हरकडे पाकीट. तिकडे कुणीतरी पहाटे जाऊन ते घेऊन यायचं. एकच फोल्डर तळेऱ्यात, लालबागला आणि डोंबिवलीला, तीन घरांत एकाच नावानं नांदायचा.

आज फोनमध्ये हजारांनी फोटो आहेत आणि फोल्डरांची नावं फोननं ठेवली आहेत : कॅमेरा, स्क्रीनशॉट्स, व्हॉट्सॲप इमेजेस. आजीच्या शेजारी गॅस बुकिंगची पावती, तिच्या शेजारी गुड मॉर्निंगची फुलं. काढून टाकायची सक्ती नाही म्हणून निवडही नाही. गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून मोफतची मर्यादा पंधरा जीबीवर आणली, तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा विचार झाला की यातलं ठेवायचं काय. पण त्या वेळी कुणी एकत्र बसलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या फोनमध्ये दोन-चार व्हिडिओ काढून टाकले आणि पुढे गेला.

आमच्या नावं दिलेल्या फोल्डरांचं तरी काय झालं? इथल्या दमट हवेत सीडींवर बुरशी धरली. ती जाळीसारखी पसरत जाते आणि ड्राइव्ह नुसता घरघरतो. जुन्या हार्ड डिस्कची रुंद पट्टी जोडायला आजच्या कॉम्प्युटरमध्ये जागा नाही. ऑर्कुटवर चढवलेले फोटो २०१४ च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद झालं त्याबरोबर हाताबाहेर गेले. 'आमच्या वेळी सगळं जपून ठेवलं जायचं' असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. जपायची इच्छा होती, साधनं कच्ची होती. जे वाचलं ते तीन घरांत वाटलं म्हणून वाचलं. आमच्याकडची 'चतुर्थी २००९' गेली, लालबागच्या घरची चाळ पाडताना हरवली, डोंबिवलीला मावसभावानं ती दर वेळी नव्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली म्हणून आहे.

त्यानं यंदा तो फोल्डर व्हॉट्सॲपवर पाठवला. आधीच दोन मेगापिक्सेलचे फोटो, तिथून आणखी दबून आलेले. आजीच्या हातातली पंचारत ओळखू येते, चेहरा येत नाही. आरतीचा एक व्हिडिओ होता, तो तर गेलाच नाही, त्याची जुनी जात फोनला कळेना. मी त्याला फोन करून मूळ फाइली मागितल्या. गूगल ड्राइव्हवर टाकतो म्हणाला, मग म्हणाला, त्या ज्या हार्ड डिस्कवर आहेत तिची जोडणी मधेच तुटते, केबल एका कोनात धरून बसावं लागतं. मी त्याला सांगितलं, पिन साफ कर, उदबत्तीची काडी घे, आणि पुढच्या भोकात लावू नकोस, मागच्यात लाव. तो म्हणाला, फोन ठेवू नकोस, लावतोच आता.